उजवी कळी

"आज कळ्या तू लाव," येसूकाकू म्हणाली आणि ओल्या हातानं तिनं ताम्हण माझ्याकडं सरकवलं. समईची वात जरा पुढं कर, असं सांगावं तितक्या सहज.

देवळात त्या सकाळी आम्ही चौघीच होतो. येसूकाकू ही कारवंडीची गुरवीण. नवरा गेल्यापासून निनाईदेवीची पूजाअर्चा तीच बघायची. दाराशी तानूमावशी पदर सावरून बसल्या होत्या, त्यांच्या मागं त्यांची लेक लीला, आणि गाभाऱ्यात मी. ताम्हणात पाणी होतं आणि तगरीच्या दोन कळ्या. त्या मीच पहाटे खुडून आणल्या होत्या. कौल तानूमावशींनी लावायला सांगितला होता. तो माझ्याबद्दल आहे हे देवळात कुणी उघड बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

कारवंडीत देवीला विचारल्याशिवाय काही करत नसत. विहीर खणायची, गाय विकायची, सोयरीक जोडायची, आधी कौल. एक ओली कळी देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. पाणी सुकलं की कळी सुटते. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. एकदा लावलेला कौल वर्षभर फिरून लावायचा नाही.

मी त्या गावची नव्हते. लीला आणि मी कराडला एकाच शाळेत शिकवायचो, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती मला आपल्या गावी घेऊन जायची. ती माझी तिसरी दिवाळी होती. एसटी खालच्या मळेवाडीपर्यंत यायची. तिथून दीड तास चढ. पहिल्या वर्षी मी अर्ध्या वाटेत खाली बसले तेव्हा लीला म्हणाली होती, उपासतापास करून अंगात काही उरलंय का तुझ्या, देवाला तरी हाक मार, तो येऊन उचलेल. मग शेवटचं वळण आलं, आणि मी उठून उभी राहिले ती बसायचं विसरूनच गेले. खाली सगळं खोरं ढगांनी भरलेलं, दुधाच्या पातेल्यासारखं, आणि वर उन्हात तीसबत्तीस घरं. एरवी त्यातली निम्मी कुलपात असायची. दिवाळीला मुंबईची माणसं यायची आणि एकेक दार उघडायचं. कारवीच्या काठ्यांचे आकाशकंदील, खळ्यावर झोडलेल्या भाताचा वास, अंगणात शेणाचे पांडव, आणि या घरातली कढई त्या घरात हिंडायची. कुणाच्या घरी काय तळलं जातंय हे गावाला नाकानं कळायचं. पाहुणी म्हणून मला कुणी वेगळं काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात केरसुणी दिली.

माझा एक नेम होता. आई गेली त्या वर्षी, पंधराव्या वर्षी धरलेला. पहाटे अंघोळ, देवापुढं दिवा, एकशेआठ वेळा नाम, आणि मग पाण्याचा पहिला घोट. त्यातच आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. देवाकडं काही मागायचं नाही. आई आजारी होती तेव्हा मी फार मागितलं होतं. नंतर वाटलं, आपल्याला मागता येत नाही. नुसतं वाहावं.

कारवंडीत झऱ्यावर अंघोळ करून मी पहाटे देवळात जायचे. येसूकाकू मला गंध उगाळायला द्यायची, पाणी भरायला लावायची. ती फार बोलायची नाही. एकदा तिनं विचारलं, काय मागतीस गं एवढी डोळे मिटून? मी म्हटलं, काही नाही. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, मग डोळे कशाला मिटतीस.

लीलाचा भाऊ विश्राम गावातच राहायचा. शेती करायचा आणि गावाचं पोस्ट सांभाळायचा, म्हणजे ओटीवरचं एक टेबल आणि एक लाकडी पेटी. आठवड्यातून तीनदा तो मळेवाडीला उतरून टपालाची पिशवी आणायचा. सुट्टीत म्हाताऱ्या बायका त्याच्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या आणि उत्तरं लिहायला माझ्यापुढं बसायच्या, कारण माझं अक्षर मोठं. एका म्हातारीनं मुंबईच्या लेकाला लिहायला सांगितलं, तुझी आई मेली म्हणून कळवा, म्हणजे तरी येईल. मी पेन थांबवून विश्रामकडं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, लिहा, पण खाली सही तिचीच घ्या. म्हातारीच सगळ्यात जास्त हसली. मग त्यानं दोनच ओळी सांगितल्या, आणि पुढच्या बसनं लेक आला.

एवढंच. आमच्यात याहून जास्त काही झालं नव्हतं. तो मला तुम्ही म्हणायचा. चढावर माझ्यापुढं चालायचा, आणि निसरडं असेल तिथं मागं न बघता थांबायचा. पण त्या तिसऱ्या दिवाळीत मला एक गोष्ट लख्ख कळली होती. मला परत जायचं नव्हतं. कराडची खोली, शाळेची घंटा, संध्याकाळी वडिलांबरोबर मुकाट जेवण, यात काही वाईट नव्हतं. पण सुट्टी संपत आली की मी उरलेले दिवस मोजायला लागायचे. मुंबईची माणसं दारं लावून उतरायची तेव्हा मला वाटायचं, मी का उतरते आहे? ही कुलपं लागल्यावर जे गाव उरतं त्यात मला राहायचं होतं. पावसात चार महिने तिथं सूर्य दिसत नाही म्हणे. मला ते न दिसणंही बघायचं होतं. आणि त्या ओटीवर, त्या टेबलाशी, मोठ्या अक्षरात लोकांची उत्तरं लिहायची होती.

आदल्या दिवशी लीलानं मला परसात गाठून सांगितलं, की आई उद्या देवीला विचारणार आहे. वर हसून म्हणाली, तुला वहिनी म्हणायचं म्हणजे माझ्या जिवावर येईल, पहाटे मला पण उठवशील. मग गंभीर होऊन म्हणाली की आईचा फार विश्वास आहे. डावी पडली तर आई शब्द काढणार नाही, आणि दादाही काढणार नाही.

म्हणजे सगळं त्या दोन कळ्यांवर होतं.

येसूकाकूनं देवीपुढं प्रश्न मांडला. "आई, तानूच्या घरात ही पोर आणावी का? तुझ्या मनात काय आसंल ते दे." आणि ती खाली बसून कापसाच्या वाती वळायला लागली, पाठ माझ्याकडं करून.

मी डावी कळी ताम्हणात बुडवली. पुरती भिजू दिली. देवीच्या डाव्या खांद्याला लावली आणि अंगठ्यानं दाबली. दाबून धरली. मग उजवी उचलली. तिला पाणी नुसतं लागलं न लागलं असं केलं आणि टेकवली.

हे मी ठरवून केलं नव्हतं असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण हात माझेच होते. त्यांना काय हवं ते नीट माहीत होतं.

आम्ही बसून राहिलो. तानूमावशी ओठातल्या ओठात काही म्हणत होत्या. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण लीलाची तिसरी जांभई झाली तेव्हा उजवी कळी सुटली आणि देवीच्या पायावर पडली. डावी तशीच होती. नंतर पुसून काढावी लागली.

तानूमावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "आईनंच तुला दिली गं आमाला."

तो गूळ मी गालात तसाच धरून ठेवला.

पुढचे दोन दिवस मी त्या घरात चोरासारखी वावरले. मावशींनी मला चुलीपुढं बसवून आमटीत किती कोकम घालायचं ते दाखवलं. शेजारणी बघून गेल्या. मला कुणाच्या नजरेला नजर देववेना. काही मागायचं नाही म्हणून मी आठ वर्षं पाळलं, आणि देवीकडून मी ओरबाडून घेतलं होतं. आणि खरं बोलायची सोय नव्हती. मी सांगितलं असतं, तर बाहेरच्या पोरीला गाभाऱ्यात हात घालू दिला म्हणून गावानं येसूकाकूला धारेवर धरलं असतं. कौल पुन्हा लावता येत नव्हता. मग उरलं काय? फसवून घेतलेलं पदरात ठेवायचं, त्याच देवीपुढं रोज सकाळी दिवा लावायचा, आणि त्याच घरात मुलंबाळं वाढवायची. मला ते जमणार नाही एवढं मला माझं ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी लीला मामाकडं राहिली आणि मला बसवर घालायला विश्राम आला. एका खांद्यावर टपालाची पिशवी, एका हातात माझी ट्रंक. निम्मी वाट उतरून झाली. मग एका दगडावर ट्रंक टेकवून म्हणाला, "तुळशीचं लग्न झालं की आई कराडला यायची म्हणतेय. तुमच्या वडलांना भेटायला."

मी चपलेत गेलेला खडा काढायला वाकले.

"त्याच्या आधी मला तुम्हाला विचारायचं होतं. देवीला विचारून झालं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

मी खाली खोऱ्याकडं बघत राहिले. ढग विरले होते आणि नदी दिसत होती.

"त्यांना नका येऊ म्हणावं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"डोंगरात राहायचं अवघड वाटतंय? तसं असलं तर सांगा. त्यात राग नाही."

तसं नाही, एवढं तरी खरं सांगावं असं मला वाटलं. पण तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. "माझा एक नेम आहे," मी म्हटलं. एवढंच. लग्न न करायचा, हे पुढचं त्याचं त्यानं जोडून घेतलं, आणि मी जोडू दिलं.

"देवीनं उजवी दिली, तरी?"

"देवीला नका यात आणू."

तो बराच वेळ पिशवीचा पट्टा नीट करत होता. "बरं," म्हणाला. "नेमापुढं मी काय बोलणार."

मळेवाडीला त्यानं ट्रंक बसवर चढवली, कंडक्टरला सांगून मला खिडकीची जागा दिली, आणि बस हलायच्या आधीच पिशवी घेऊन चढाला लागला.

मी लग्न केलं नाही. नेम आहे असं म्हटलं होतं, ते खोटं ठरू नये म्हणून. वडील होते तोवर त्यांचं केलं. शाळेत मुलं होती. दिवाळी आली की मी घरातच असायचे. पहाटे दिवा लावला की मनात झऱ्याचा आवाज यायचा, आणि एकशेआठ नामांत कितीदा मोजणी चुकायची ते मलाच ठाऊक. लीला पुण्याला दिली. पत्रं यायची, त्यात विश्रामचं लग्न झाल्याचंही आलं. कारवंडीला मी पुन्हा गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

बावीस वर्षांनी एक गृहस्थ मुलीला शाळेत घालायला आले. दाखल्यावर मूळ गाव कारवंडी. मी चौकशी केली तर ते येसूकाकूचे पुतणे निघाले. काकू आमच्याकडंच आहे म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पडून पडून वैतागलीय.

मी त्याच संध्याकाळी गेले. पुतण्याची बायको चहा ठेवायला आत गेली. काकू खाटेवर बसली होती, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगानं निम्मी झालेली. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "शरयू ना गं? पाऊल न वाजवता येणारी तू एकच."

इकडचं तिकडचं झालं. तानूमावशी वारल्या होत्या ते मला माहीत होतं. मग तिनंच विचारलं, "तू का न्हाई आलीस गं पुन्यांदा? आमाला वाटलं, शेरातली पोर, डोंगराला कंटाळली."

हे ऐकून मला राहवेना. बावीस वर्षांत जे एका माणसाला सांगितलं नाही ते मी तिला सांगितलं. डावी कशी भिजवली, कशी दाबली. उजवी कशी टेकवली. मी मान खाली घालून बोलत होते, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही.

"रागावलीस का काकू?" मी विचारलं.

"तुज्या हातात कळ्या मी कशाला दिल्या आसतील?" ती म्हणाली.

"मी रोज मदतीला यायचे म्हणून."

"मदतीला!" ती पुटपुटली, आणि चाचपडत माझं मनगट धरलं. "ऐक. माज्या सासूनं मला सांगितल्यालं, तिला तिच्या सासूनं. सोयरिकीचा कौल आसला आन् पोरगी गावात आसली, तर कळ्या पोरीच्या हातनं लावून घ्यायच्या. पोरीला कोण इचारतंय? बाप इचारत न्हाई, आई इचारत न्हाई. म्हून देवीनं तेवढी जागा ठिवलीय. जिला हवं ती उजवी हलकी लावती. जिला नगं ती डावी. आपण पाठ करून वाती वळायच्या."

मी मान वर केली.

"लीलीनं दोन स्थळांना डाव्या पाडल्या," ती म्हणाली. "तिसऱ्या येळंला उजवी. तवा कुटं पुन्याला गेली."

"लीला मला कधी बोलली नाही."

"कशी बोलंल? पर्तेकीला वाटतं, आपणच तेवढी चोर. म्हून तर कुणी वाच्यता करत न्हाई, आन् म्हून तर आजवर चाललंय." ती जराशी हसली. मग तिचं हसणं थांबलं. "पर पाडून झाल्यावर परत देनारी तू पहिलीच."

"मला वाटलं, मी देवीला फसवलं."

"देवी काय येगळी बसून बोलती व्हय गं? तुज्याच हातानं बोलली. तू म्हनालीस, ही देवी न्हवं, मीच."

आत कप वाजले. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. तिनं माझं मनगट सोडलं नाही.

"चार वर्सं थांबला त्यो," ती हळू म्हणाली. "तानू म्हनायची, नेमाची पोर हाय ती, सोड. त्यो काय बोलायचा न्हाई. पिशवी आणली की आदी सगळी पत्रं उलटीपालटी करायचा. मग गावाला वाटायचा."

चहा आला. मी तिला बशीत ओतून दिला, आणि ती प्यायली. बाहेर रस्त्यावर दिवे लागले. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. मी विचारलं, आता सुट्टीत गावाला कोण कोण येतं?

तशी ती खुलली. वरच्या आळीपासून सुरुवात केली. पहिलं घर बंदच असतं, पत्रे उडालेत. दुसऱ्यात नातवंडं येतात, दंगा करतात, म्हशीला फटाक्याची माळ दाखवतात. तिसऱ्या घरानं स्लॅब टाकला पण पांडव अजून अंगणातच मांडतात. एकेक घर, एकेक दार, कुणाचा कंदील केवढा, कुणाच्या कानवल्याला पदर सुटत नाहीत. मी डोळे मिटून चालत होते तिच्याबरोबर. पिंपळाचा पार झाला. झरा झाला. आळी उतरून आम्ही खालच्या अंगाला वळलो.

"त्याच्या बाजूला तानूचं," ती म्हणाली आणि थांबली. पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली. "र्‍हाऊ दे. पुढचं सांगती."

"नको," मी म्हटलं. "तेच सांग. मला ऐकायचंय."